लपायचे रंग, दिसायचे रंग

जोयडा तालुक्यातलं दिग्गी हे सह्याद्रीच्या माथ्यालगतचं, गोव्याच्या हद्दीला खेटून असलेलं गाव. काळी नदी याच परिसरात उगम पावते, पुढे गणेशगुडीला सुपा धरणात साठते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. हा सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. इथल्या रानात पट्टेरी वाघ आहे आणि काळा बिबट्याही आहे. नकाशावर दिग्गीवर बोट ठेवलं तर पश्चिमेला दाबोळीची धावपट्टी सापडते आणि उत्तरेला बेळगावजवळच्या सांबऱ्याची. दाबोळीच्या नौदल तळावर, म्हणजे आयएनएस हंसावर, मिग-29के या लढाऊ विमानांच्या दोन तुकड्या आहेत. एकीचं नाव ‘व्हाइट टायगर्स’, दुसरीचं ‘ब्लॅक पँथर्स’. रानातल्या जनावराचा रंग त्याला लपवतो. तेच जनावर तुकडीचं चिन्ह झालं की ते लोकांना दिसावं, ओळखू यावं, म्हणून रंगवलं जातं.

लढाऊ विमानाच्या रंगाचा इतिहास या दोन गरजांमधल्या ओढाताणीचा आहे. युद्धात विमान दिसू नये म्हणून रंगवतात, आणि समारंभात, कसरतीत, संग्रहालयात ते दिसावं आणि कुणाची तरी आठवण राहावी म्हणून. आपल्याकडे ही दुसरी गरज कशी उभी राहिली आणि तिला कोणते रंग मिळाले, याची गोष्ट मुंबई, बडोदा, पुणे, बिदर, ओझर, दाबोळी अशा आपल्या ओळखीच्या गावांतून जाते. तरी ती सलग अशी फारशी सांगितली गेलेली नाही.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून करावी लागते. ब्रिटनमध्ये तेव्हा पाच हजार पौंडांची देणगी दिली की एका स्पिटफायर विमानावर देणगीदाराचं नाव घालत. कॉकपिटजवळ लहान अक्षरांत ते रंगवलं जाई. देणगी मोठी असेल तर अख्ख्या तुकडीला नाव मिळे. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीची आठवण म्हणून रॉयल एअर फोर्सची 124वी तुकडी ‘बडोदा स्क्वाड्रन’ झाली, आणि मुंबईच्या नावाने 132वी तुकडी ‘सिटी ऑफ बॉम्बे’ झाली. मातकट-हिरव्या रंगावर उमटलेली ही नावं म्हणजे लपायच्या रंगावर चढलेला आठवणीचा पहिला थर होता. आठवण मात्र पैसे देणाऱ्याची होती. लढणाऱ्याची पाळी नंतर आली.

त्याच युद्धात रंग चुकला तर जीव जातो हेही कळलं. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हाच्या मधोमध लाल ठिपका असे. जपानी विमानांचं चिन्ह म्हणजे निव्वळ लाल गोळा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल रंग दिसला की खालून आपलेच लोक गोळ्या झाडतील ही धास्ती होती. म्हणून या आघाडीवरच्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकण्यात आला आणि गडद निळा व फिका निळा असे दोनच रंग उरले. भारतीय वैमानिकांची हरिकेन विमानं इंफाळच्या लढाईत याच निळ्या चिन्हाखाली उडत होती.

जून 1944 मध्ये नॉर्मंडीवरच्या स्वारीपूर्वी अडचण तीच होती, तोड मात्र उलटी निघाली. आकाशात हजारो विमानं असणार, आपलं कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे क्षणात कळायला हवं. तेव्हा विमानांच्या पंखांवर आणि धडावर तीन पांढरे व दोन काळे असे पट्टे मारायचा हुकूम निघाला. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंच, मोठ्या विमानावर 24 इंच. गुप्तता राखायची म्हणून हुकूम अगदी शेवटच्या दिवसांत आला आणि तळावरच्या कर्मचाऱ्यांनी हाती लागेल तो ब्रश घेऊन रातोरात पट्टे ओढले. जुनी छायाचित्रं पाहिली तर कित्येक पट्टे वाकडे आहेत, कडा ओघळलेल्या आहेत. आज जगभरच्या हवाई समारंभांत स्मृतिरंग म्हणून वारंवार वापरले जातात ते हेच पट्टे. घाईघाईत मारलेला रंग सत्तर-ऐंशी वर्षांनी मोजमाप घेऊन, सरळ रेषेत, पुन्हा मारला जातो.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या वायुदलापुढे पहिला प्रश्न चिन्हाचाच होता. ब्रिटिश गोल चिन्ह चालणार नव्हतं. काही काळ विमानांवर अशोकचक्र आलं. 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झालं, ‘रॉयल’ हा शब्द गेला आणि आजची तिरंगी चकती कायम झाली. बाहेर केशरी, मग पांढरा, मधोमध हिरवा. इतर सगळे रंग बदलले तरी ही चकती राहते. कोणत्याही स्मृतिरंगाच्या आराखड्यात तिची जागा आधी ठरते आणि बाकीची नक्षी तिला वळसा घालून काढली जाते.

या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात, 27 ऑक्टोबर 1947 ला, 12व्या स्क्वाड्रनच्या डकोटा विमानांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले. काश्मीर हातचं जाता जाता राहिलं त्यात या मालवाहू विमानांचा वाटा फार मोठा. हा दिवस लक्षात ठेवावा. एका विमानाच्या रंगापाशी तो पुन्हा येणार आहे.

डिसेंबर 1961 मध्ये युद्धविमानं दिग्गीच्या अगदी जवळच्या आकाशात आली. 18 तारखेला सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँबफेक केली, तर सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झालं. दाबोळी नौदलाकडे आली आणि 1964 मध्ये आयएनएस हंसा हा तळ कोईमतूरहून तिथे हलला. विक्रांत या विमानवाहू नौकेवरच्या सी हॉक विमानांचं, म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’चं, जमिनीवरचं घर हेच. ही तुकडी जुलै 1960 मध्ये ब्रिटनमधल्या ब्रॉडी इथे उभी राहिली होती. 4 डिसेंबर 1971 ला तिच्याच सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला. पुढे सी हॅरियर आणि आता मिग-29के, अशी विमानं बदलत गेली. पांढरा वाघ तेवढा टिकला. माझ्या मते आपल्याकडचं सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रामाणिक स्मृतिचित्र म्हणजे तुकड्यांची ही चिन्हं. त्यांच्यासाठी समारंभ लागत नाही. ती रोज उडतात.

वायुदलात मात्र साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बरीच विमानं चकचकीत चंदेरी होती. ॲल्युमिनियमचा पत्रा तसाच ठेवलेला. शांततेच्या काळात ते सुंदर दिसे. 6 सप्टेंबर 1965 च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमानं पठाणकोटवर आली, तेव्हा तिथे जमिनीवर उभी असलेली विमानं उन्हात चमकत होती. दहाच्या आसपास विमानं जळाली, त्यांत दोन नवीकोरी मिग-21 होती. त्यानंतर चंदेरी अंग झाकायची निकड सगळ्यांनाच पटली. 1971 चं युद्ध जवळ आलं तेव्हा अनेक स्क्वाड्रननी आपापल्या तळावर, आपापल्या समजुतीनुसार मिग-21 विमानं हिरव्या, तपकिरी, मातकट रंगांनी रंगवली. एका तुकडीची पद्धत दुसरीशी जुळत नव्हती. एकाच तुकडीतली दोन विमानंही कधी सारखी नसत. त्या काळची छायाचित्रं पाहताना ब्रशचे फराटे ओळखता येतात. एका पिढीच्या तंत्रज्ञांच्या हाताची ही नोंद आहे. आज स्मृतीसाठी जुनं विमान रंगवणाऱ्यांची खरी कसोटी तिथेच लागते, कारण ठरीव नमुना असा नाहीच. त्या एकेका विमानाचं छायाचित्र शोधावं लागतं.

1982 मध्ये वायुदलाला पन्नास वर्षं झाली. त्या सुवर्णमहोत्सवासाठी 20व्या स्क्वाड्रनमधून नऊ हंटर विमानांचं कसरत पथक उभं केलं गेलं. स्क्वाड्रनचं नाव ‘लायटनिंग्ज’, म्हणून पथक झालं ‘थंडरबोल्ट्स’. विमानं गडद निळ्या आणि पांढऱ्या रंगात आली. हीच तुकडी 1971 मध्ये पठाणकोटहून पाकिस्तानी तळांवर हल्ले करत होती आणि तेव्हा हिचे हंटर लपायच्या रंगात होते. अकरा वर्षांनी त्याच जातीच्या विमानांनी तो रंग उतरवला आणि आकाशात उठून दिसणारा चढवला. वर्धापनासाठी अख्ख्या पथकाचं रंगरूप आखायचं, हे आपल्याकडे इथून रुजलं. हंटर म्हातारी झाली तसं हे पथक ऐंशीचं दशक संपता संपता थांबलं.

असं रंगरूप आखणं कागदावर सोपं वाटतं. विमानाचा आडवा-उभा आराखडा घ्या आणि त्यावर नक्षी काढा. प्रत्यक्षात हे काम चित्रकार आणि अभियंता यांना एकत्र बसून करावं लागतं. प्रेक्षक जमिनीवर असतो, त्याला विमानाचं पोट दिसतं. म्हणून पोटाकडची बाजू सर्वांत महत्त्वाची. वरची आणि खालची बाजू वेगळ्या रंगांची असली की विमान उलटं झालं हे मुलालाही कळतं, शिवाय शेजारी उडणाऱ्या वैमानिकालाही ते उपयोगी पडतं. जुळणीत उडताना तो पुढच्या विमानाच्या पंखाची कड किंवा एखादी खूण नजरेत धरून अंतर राखतो. नक्षीने ती खूण झाकली तर सौंदर्य घातक ठरतं. फिका निळा आकाशात विरतो, फिका करडा ढगात. लाल, शेंदरी, पांढरा आणि अगदी गडद निळा लांबून कळतात.

वजन हा त्याहून अवघड भाग. रंगाला वजन असतं. पंखाच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेला हलणारे जे भाग असतात, एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, ते अतिशय काटेकोर तोललेले असतात. त्यांच्यावर रंगाचा एक थर जास्त चढला तर वेगात ते थरथरू लागतात, आणि ही थरथर शेपूट तोडू शकते. म्हणून जुना थर खरवडून काढायचा, नवा द्यायचा आणि ते भाग पुन्हा तोलून पाहायचे, असा नियम. इंजिनाच्या तोंडाजवळचे इशारे, बाहेर फेकल्या जाणाऱ्या खुर्चीचा त्रिकोण, इंधन भरायच्या जागेवरची अक्षरं, यांतलं काहीही पुसायचं नाही. तिरंगी चकतीही हलवायची नाही. एवढं सगळं सोडून जी जागा उरते, तीत स्मारक मावायला हवं.

थंडरबोल्ट्स थांबल्यावर काही वर्षं वायुदलाकडे असं पथक नव्हतं. 1996 मध्ये बिदरला ते पुन्हा उभं राहिलं. भालकी-औरादकडच्या मराठी घरांना बिदरचा विमानतळ परका नाही. विंग कमांडर कुलदीप मलिक यांच्या नेतृत्वाखाली तिथे ‘सूर्यकिरण’ सुरू झालं आणि बघता बघता नऊ विमानांचं झालं. विमान होतं ‘किरण’, वैमानिकांना शिकवण्यासाठी बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं. त्याची आखणी करणाऱ्या चमूचे प्रमुख होते डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस भारतात आखलेल्या पहिल्या प्रशिक्षण विमानाचा, एचटी-2चा, शिल्पकार. 4 सप्टेंबर 1964 ला किरण पहिल्यांदा उडालं. साध्या कामासाठी जन्मलेलं हे विमान तीस-बत्तीस वर्षांनी शेंदरी-पांढऱ्या रंगात देशभर पोचलं, आणि ज्यांनी कधी घाटग्यांचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही त्यांचं विमान पाहिलं. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि महाराष्ट्रात या माणसाची आठवण पुरेशी ठेवली गेली नाही याचं दुःखही आहे.

2003 हे वर्ष अशा रंगांसाठी भरभराटीचं ठरलं. वायुदलाने ध्रुव हेलिकॉप्टरांचं ‘सारंग’ पथक बांधलं आणि त्यांच्या अंगावर मोर रंगवला. नौदलाच्या हवाई शाखेच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्षही हेच. 11 मे 1953 ला कोचीनला आयएनएस गरुड सुरू झालं होतं, तिथून मोजलेली पन्नास वर्षं. दाबोळीला 551व्या नौदल स्क्वाड्रनमधून ‘सागर पवन’ हे पथक निघालं. विमान पुन्हा घाटग्यांचं किरण, रंग गडद निळा आणि पांढरा. नौदलाचं स्वतःचं कसरत पथक जगात अमेरिकेच्या ‘ब्लू एंजल्स’खेरीज आपल्याकडेच होतं.

3 मार्च 2010 ला हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर हवाई प्रदर्शनाच्या उद्घाटनात सागर पवनचं एक विमान कोसळलं. कमांडर सुरेश मौर्य आणि लेफ्टनंट कमांडर राहुल नायर यांचा मृत्यू झाला आणि पथक थांबलं. सूर्यकिरणनेही माणसं गमावली. जानेवारी 2009 मध्ये बिदरजवळ विंग कमांडर आर. एस. धालीवाल गेले. पुढे फेब्रुवारी 2019 मध्ये येलहंका इथे सरावात दोन विमानं एकमेकांना धडकली, त्यात विंग कमांडर साहिल गांधी गेले. देखणेपणासाठी दिलेला रंग पाहताना हा हिशेब नजरेआड होऊ नये.

2011 मध्ये सूर्यकिरण थांबलं त्याचं कारण मात्र वेगळं होतं. नवशिक्या वैमानिकांसाठीची दीपक विमानं 2009 मध्ये अपघातांमुळे जमिनीवर ठेवावी लागली आणि शिकवायला विमानंच कमी पडली. म्हणून पथकाची किरण विमानं मूळ कामाला परत गेली. 2015 मध्ये हॉक विमानांवर पथक पुन्हा उभं राहिलं आणि दोनेक वर्षांत पुन्हा नऊवर पोचलं. हॉकच्या अंगावर लाल आणि पांढरा रंग आहे. मागे सोडायच्या केशरी, पांढऱ्या, हिरव्या धुराची साधनं अलीकडे नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत तयार झाली. तिरंगा आता पंखावरच्या चकतीत मावत नाही, तो आकाशात ओढला जातो.

हे सगळे रंग पथकाचे किंवा वर्धापनदिनाचे. एका विमानावर एका माणसाची किंवा एका दिवसाची आठवण कशी काढावी, याचा चांगला नमुना 2015 मध्ये ब्रिटनने घालून दिला. बॅटल ऑफ ब्रिटनला 75 वर्षं झाली म्हणून एका आधुनिक टायफून विमानाला 1940 सालचे हिरवे-तपकिरी रंग दिले आणि त्यावर ‘जीएन-ए’ ही अक्षरं घातली. ही अक्षरं फ्लाइट लेफ्टनंट जेम्स निकोलसन यांच्या हरिकेनची. 16 ऑगस्ट 1940 ला साउथॅम्प्टनवर जळत्या विमानात बसून राहून त्यांनी शत्रूच्या विमानावर गोळीबार केला. फायटर कमांडला मिळालेला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस त्यांचा. आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं की हेच निकोलसन मे 1945 मध्ये लिबरेटर विमानातून जाताना बंगालच्या उपसागरात पडून गेले. आखणीतली चतुराई अशी की टायफूनचा आकार हरिकेनशी जराही जुळत नाही, तरी तीन अक्षरांनी सगळं उभं केलं.

आपल्याकडे 2018 मध्ये त्याच तोडीचं काम झालं. वायुदलाच्या जुन्या डकोटा वैमानिकाचे, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांचे चिरंजीव, खासदार राजीव चंद्रशेखर यांनी भंगारातलं एक डकोटा विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करवलं आणि वायुदलाला दिलं. एप्रिलमध्ये ते युरोप आणि अरबस्तान ओलांडून स्वतःच्या पंखांवर जामनगरला उतरलं आणि 4 मे 2018 ला हिंडनला वायुदलात दाखल झालं. त्यावर क्रमांक घातला व्हीपी 905, काश्मीरला सैन्य नेणाऱ्या 1947 च्या डकोटांच्या मालिकेतला. 27 ऑक्टोबरचा तो दिवस असा एका क्रमांकात आला. नाव दिलं ‘परशुराम’. समुद्र हटवून कोकणची भूमी मिळवणाऱ्याची कथा ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना या नावाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मला स्वतःला नऊ विमानांच्या नक्षीपेक्षा हा एक क्रमांक अधिक मोलाचा वाटतो. नक्षी डोळ्याला सुखावते. क्रमांक वाचला की माणूस विचारतो, हे कुठलं, आणि मग श्रीनगरची गोष्ट निघते.

उडणाऱ्या विमानांहून किती तरी जास्त विमानं जमिनीवर कायमची उभी आहेत, आणि त्यांच्या रंगाचा विचार सर्वांत कमी होतो. दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर 1998 मध्ये उघडलेलं नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. तिथे सी हॉक, आलिझे, सी हॅरियर आहेत आणि एक प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. या जातीची विमानं मुळात एअर इंडियाची. ‘रानी ऑफ अजंठा’, ‘रानी ऑफ एलोरा’ अशी नावं घेऊन ती मुंबईहून परदेशी जात. मग ती वायुदलाकडे आली आणि 1976 मध्ये नौदलाकडे, समुद्रावर पहारा द्यायला. एकाच पत्र्यावर तीन संस्थांचे रंग चढले. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात, विमान गंजतं आणि ते पुन्हा पुन्हा रंगवावंच लागतं. पण नुसता ताजा रंग फासला तर जुन्या पाट्या, स्टेन्सिलची अक्षरं, तुकडीची खूण त्याखाली जाते आणि पुढच्या वेळी ती काय होती हे सांगणारं कुणी नसतं.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. यांतली सहाशेहून अधिक विमानं भारतात बांधली गेली, आणि नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना 1964 मध्ये त्यासाठीच उभा राहिला होता. पुढच्या काही वर्षांत यांतली कित्येक चौकांत, शाळा-महाविद्यालयांच्या आवारात, नगरपालिकांच्या बागांत चबुतऱ्यांवर चढतील. स्थानिक ठेकेदाराकडे काम जाईल आणि हाती असेल तो चंदेरी किंवा निळा तैलरंग मारला जाईल, ही भीती खरी आहे. तसं होऊ नये. 1965 चं चंदेरी विमान, 1971 चं तळावर ब्रशने रंगवलेलं आणि शेवटच्या वर्षांतलं करडं मिग-21 बायसन ही तीन वेगळी विमानं आहेत. प्रत्येक विमानाच्या शेपटीजवळ क्रमांक असतो, प्रत्येक क्रमांकाची नोंदवही असते. ते कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, कोणत्या तळावरून उडालं, ओझरहून निघालं की रशियातून आलं, हे त्या वहीवरून लागतं. ओझरला काम केलेले निवृत्त फिटर आणि रंगारी आज नाशिक जिल्ह्यात हयात आहेत. कोणता रंग कशावर बसत होता हे त्यांना विचारता येईल. ठेक्याची निविदा निघण्याआधी विचारावं.